महिन्यातून एकदा, न चुकता

शिस्त हा आरोग्याचा पाया आहे. ठरलेलं औषध ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या मात्रेत पोटात गेलंच पाहिजे. यात हयगय करणाऱ्याला निसर्ग क्षमा करत नाही. नोकरीत असताना वर्गात हे मी इतक्यांदा बोललो की ते खरं आहे का, हे तपासायचं राहूनच गेलं. निवृत्तीनंतर बरकतपुऱ्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये ते आपोआप तपासून झालं. अडचण एवढीच होती की घरात शिस्तीची माणसं दोन निघाली.

एक मी. दुसरी माझी थोरली बहीण, आक्का. आम्हा दोघांखेरीज घरात एक कुत्री आहे: तांबूस, आखूड पायांची, तळमजल्यावर वॉचमनच्या स्कूटरखाली सापडलेली. तिला वर आणलं तेव्हा आक्का म्हणाली होती, "कुत्रं घरात आलं तर मी गावाकडं जाते." गावाकडं आता आमचं कुणीच नाही. त्यामुळे आक्का राहिली आणि कुत्रीही राहिली.

सिकंदराबादच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला हार्टवर्म समजावून सांगितला. डास चावतो, त्यातून जंतांची पिल्लं कुत्र्याच्या अंगात शिरतात आणि काही महिन्यांनी हृदयात जाऊन शेवयांसारखी लांब होतात. (आक्काने त्या दिवसापासून शेवयांची खीर बंद केली.) उपाय सोपा होता. "महिने में एक बार गोली देना. भूलना नक्को," बाई म्हणाल्या. आम्ही दोघांनीही गंभीरपणे मान हलवली. आमचं एकमत क्वचित होतं, आणि झालं की महागात पडतं.

तीन महिने झाले. चौथ्या महिन्याच्या एक तारखेला मी गोळ्यांचा खोका उघडला, तर आत फक्त घडी घातलेलं माहितीपत्रक होतं.

"आक्का, गोळ्या कुठं गेल्या?"

"संपल्या असतील. आणायच्या तूच ना?"

"सहा होत्या. मी तीन दिल्या."

"मीही तीनच दिल्या," ती भाजी चिरता चिरता म्हणाली. "संकष्टीला. न चुकता."

"तुला कुणी सांगितलं द्यायला?"

"बाईंनी. तू होतास की शेजारी, मुंडी हलवत."

"अगं, पण मी एक तारखेला देतो!"

"एक तारखेला असतं काय?"

महिन्यातून एकदा न चुकता म्हटल्यावर आक्काला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. गेली पन्नास वर्षं तिच्या आयुष्यात त्या वर्णनाची एकच गोष्ट आहे. चंद्र बघून, नैवेद्य दाखवून उपास सोडायचा आणि त्याच वेळी कुत्रीच्या तोंडात गोळी सरकवायची, असा तिचा परिपाठ होता. माझा परिपाठ सकाळी फिरून आल्यावरचा. दोघांनीही एकमेकांना सांगितलं नाही, कारण कर्तव्य गाजवायचं नसतं असं आमच्यावर लहानपणापासून बिंबवलेलं.

आक्काने भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं आणि तारखांवर बोट फिरवायला लागली. बोट एका जागी थांबलं. मधल्या महिन्यात संकष्टी दोन तारखेला होती. म्हणजे दोन दिवसांत दोन गोळ्या.

आक्काने दुसऱ्या हातातली सुरी खाली ठेवली.

मी माहितीपत्रक उलगडलं. कायदा पाळल्याचं समाधान मिळावं आणि वाचणाऱ्याला काही मिळू नये, इतक्या बारीक अक्षरात ते छापलेलं होतं. भिंगातून वाचलं. मात्रा जास्त झाल्यास लाळ गळणे, थरथर, तोल जाणे, सुस्ती. कुत्री सोफ्याखाली चारी पाय वर करून झोपली होती. सुस्ती हे लक्षण धरायचं, तर ती जन्मापासूनच आजारी होती.

"मुकं जनावर ते," आक्काचा आवाज कातर झाला. "बोलता आलं असतं तर सांगितलं असतं, कालच खाल्ली म्हणून."

"नसतं सांगितलं. गोळी मांसाच्या चवीची आहे."

हे मी बोलायला नको होतं. संकष्टीच्या नैवेद्याशेजारी आपण तीन महिने काय धरून उभे होतो, हे आक्काच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेलं. पण ती फक्त म्हणाली, "रिक्षा बोलव." तिला खरी भीती कशाची वाटत होती, ते मला तेव्हा कळलं.

त्याच आठवड्यात कुत्रीची वर्षाची लसही होती. आमच्या पार्कात सकाळी एक निवृत्त मोठे अधिकारी येतात. त्यांच्या हाताखाली आता फक्त एक लॅब्रॅडोर आहे, पण आवाज अजून संपूर्ण खात्याला पुरेल एवढा. त्यांनी मला बजावलं होतं, "छोट्या कुत्र्याला पूर्ण लस म्हणजे विष. अर्धीच द्या म्हणून ठासून सांगा." एरवी मी हसलो असतो. पण एक औषध दुप्पट करून बसलेल्या माणसाला दुसरं निम्मं करण्याचा मोह होतोच. रिक्षात मी ते ठासून सांगण्याची तयारी करत होतो. आक्का कुत्रीला मांडीवर घेऊन बसली होती. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. मग कुत्रीच्या हिरड्या पाहिल्या, डोळ्यांत बॅटरी मारली आणि छातीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ थांबल्या. तेवढ्या वेळात आक्का किती देवांना काय काय बोलली असेल, देव जाणे.

"कुछ नै हुआ, अम्मा," बाई म्हणाल्या. "एकदम मस्त है. इस गोली में इत्ती गुंजाइश रहती."

तरी आक्काच्या समाधानासाठी त्यांनी रक्ताचे दोन थेंब घेऊन एका पट्टीवर टाकले. दहा मिनिटं आम्ही त्या पट्टीकडे टक लावून बसलो. एकच रेघ उमटली. एक रेघ म्हणजे जंत नाहीत. आक्काने पदराने डोळे पुसले, आणि कुणी पाहिलं तर म्हणून चष्माही पुसला.

मला आता धीर आला होता. "मॅडम, लस मात्र अर्धी द्या. कुत्री लहान आहे."

"कौन बोले?"

"पार्कात एक जण."

"डॉक्टर हैं?"

"नाही. मोठे अधिकारी होते."

"हौ," बाई म्हणाल्या आणि सिरिंज पूर्ण भरली. "साब, टीका वजन से नै रहता. शरीर को बीमारी की पहचान करा देना रहता. छोटे को बी पूरा, बड़े को बी पूरा. आधा दिये तो पहचान बी आधीच." सुई टोचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "वजन से तो गोली रहती. इसका वजन कब करे थे?"

मी आक्काकडे पाहिलं. आक्काने माझ्याकडे पाहिलं.

कुत्रीला काट्यावर चढवलं. ती तिथंही आडवी झाली. आकडा बारा किलो सहाशे ग्रॅमवर स्थिरावला. बाईंनी आमचा रिकामा खोका फिरवून त्याच्या कडेवर छापलेली ओळ दाखवली: अकरा किलोपर्यंतच्या कुत्र्यांसाठी.

म्हणजे जास्त कुणीच दिलं नव्हतं. मी दर वेळी थोडं कमी देत होतो, आणि आक्काही दर वेळी थोडं कमी देत होती. आमची भरपाई आमच्याच चुकीने झाली होती.

"म्हणजे मी दिल्या म्हणून बरं झालं," आक्का म्हणाली. तिचा आवाज पूर्वपदावर आला होता.

"अम्मा, आगे से एकीच आदमी देना. बड़ी वाली गोली," बाई म्हणाल्या. "और ये इत्ती मोटी कैसे हुई? सवेरे क्या खाती?"

"सकाळी दूध-पोळी," मी म्हणालो. "ती मी घालतो."

"तू कशाला? मी घालते की, तू फिरून यायच्या आधी," आक्का म्हणाली.

बाईंनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग चिठ्ठीवर मोठ्या गोळीचं नाव लिहून त्याखाली आणखी एक ओळ लिहिली: नाश्ता, एक वेळ.