पायलटबाईंची घरगुती मुलाखत

माझ्या मुलीला विमान उडवता येतं. बोलता येत नाही.

हातात लायसन्स असून गौरीला दोन कंपन्यांनी परत पाठवलं होतं. "स्वतःबद्दल सांगा" म्हटल्यावर तिने नाव सांगितलं, आडनाव सांगितलं आणि पाणी मागितलं. तिसरं बोलावणं छोट्या शहरांपर्यंत विमानं नेणाऱ्या एका छोट्या कंपनीचं होतं. हेही हुकलं, तर पुढे कुठे भरती असल्याची कुणकुणसुद्धा नव्हती.

मी व्यवस्थित बाई आहे. (आमच्या फ्रिजवर कामांची यादी असते, आणि याद्या कुठे कुठे लावल्यात त्याची यादी कपाटावर.) रविवारी सकाळी ठाकुर्लीतल्या आमच्या हॉलमध्ये मी सराव-मुलाखत ठेवली. परीक्षक दोन. रेल्वेतून निवृत्त झालेले वरच्या मजल्यावरचे कुलकर्णी काका आणि शेजारच्या म्हात्रे काकू. काकूंच्या जुन्या शेतावर आमची बिल्डिंग उभी आहे, त्यामुळे कुणालाही काहीही विचारण्याचा हक्क त्यांच्याकडे आपोआपच आहे.

"समजा, इंजिन बंद पडलं. काय करशील?" काकांनी सुरुवात केली.

"चेकलिस्ट."

"बरं. त्यानंतर?"

"पुढची चेकलिस्ट."

मुलगी माझीच, याबद्दल शंका उरली नाही. पण बोलत होती ती फरशीशी. लोकांच्या नजरेला नजर द्यायची सवय व्हावी म्हणून मी पोह्यांचा ट्रे तिच्या हातात दिला. "प्रत्येकाला स्वतः नेऊन दे," म्हटलं.

इथे घात झाला. खुर्च्यांवर वडीलधारी माणसं, समोर इस्त्रीच्या कपड्यांतली मुलगी, हातात पोहे! आमच्याकडे या देखाव्याचा पिढ्यान्‌पिढ्या एकच अर्थ होतो. काका सावरून बसले. काकूंनी पदर सारखा केला.

"उंची किती गं?" काकांनी विचारलं. गौरीने सांगितली.

"चष्मा?"

"नाही."

(मी खूश. कंपनीही हेच विचारते.)

"जेवण करता येतं ना?" काकूंनी विचारलं. गौरी पुन्हा फरशीकडे.

"गरीब आहे गो पोर तुझी," काकू मला म्हणाल्या आणि त्यांनी थेट फोनच लावला. "इथे बाजूलाच, कोपरला माझी बहीण आहे. तिचा प्रशांत बँकेत आहे. बोलावते."

"अहो काकू, ही नोकरीची तयारी..."

"नोकरी काय पळून जाते?"

दुसरा चहा होईपर्यंत बहीण आणि प्रशांत पेढ्यांसकट दारात. मी त्यांना थांबवलं का? छे. मी खुर्च्या वाढवल्या. (जितकं मोठं पॅनेल, तितका चांगला सराव.)

बहिणीने गौरीला प्रेमाने जवळ बसवलं. "लग्नानंतर दिवेलागणीच्या आत घरी येशील ना गो?"

गौरीने मान वर केली.

"धावपट्टीवर धुकं असलं तर नाही येणार, मावशी. वरच घिरट्या घालेन, नाहीतर दुसऱ्या गावी उतरेन. घरी कुणी वाट बघतंय म्हणून धुक्यात विमान उतरवणारी पायलट तुम्हाला चालेल? मागे तुमचा प्रशांत बसलेला असताना?"

मावशींचा पेढा हातातच राहिला. प्रशांतने हळूच विचारलं, "आणि वारा आडवा असला तर?"

तिने त्यालाही सांगितलं. टीपॉयची धावपट्टी केली, पोह्याच्या बशीचं विमान केलं, वाऱ्याच्या जागी कुलकर्णी काकांना उभं केलं. ज्या उत्तरांसाठी मी महिनाभर तिच्या मागे लागले होते, ती सगळी एका दमात बाहेर आली.

"मला मुलगी पसंत आहे," प्रशांत म्हणाला.

"मला मुलगा नाही," गौरी म्हणाली. "पुढचा प्रश्न?"

पुढच्याच आठवड्यात ती त्या कंपनीतही अशीच बोलली आणि निवडली गेली. बिल्डिंगमध्ये माझं फार कौतुक झालं. आता लोक आपापल्या मुलांना मुलाखतीच्या तयारीसाठी माझ्याकडे पाठवतात, आणि ती मुलं आधी गौरीला फोन करून विचारतात, यातून सुटायचं कसं.