उघाडीची फळी

खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेल्या आमच्या खारबांधाला उघाडी होती. उघाडी म्हणजे बांधात ठेवलेलं भोक आणि त्यावर लटकणारी लाकडी फळी. फळी खाडीच्या अंगाला टांगायची. भरतीचं पाणी तिला दाबून बंद करतं, ओहोटी लागली की शेतातलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. माणसाने हात लावायला नको. वडील उघाडी राखत, त्यामुळे अक्षरं कळायच्या आधी मला हे कळत होतं.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. मुंबईहून एक इंजिनियर साहेब शाळेत आले. देशाला इंजिनियर हवेत, म्हणून ते गावोगाव मुलांच्या हातून वस्तू करवून घेत हिंडत. आम्हा सातवीच्या मुलांना त्यांनी पत्र्याच्या पराती, फळकुटं, बिजागऱ्या दिल्या. बांध घाला, उघाडी बसवा, म्हणाले. ज्याची उत्तम, त्याला महिनाभर मुंबईच्या वर्कशॉपात नेणार, पुढे टेक्निकल शाळेत घालणार. मला जायचं होतं. इतकं दुसरं काही मला जन्मात हवंसं वाटलं नाही.

मुलगे बिजागऱ्यांवर तुटून पडले. खाऱ्या पाण्यात लोखंड टिकत नाही, म्हणून मी फळी काथ्याने बांधली आणि चिखलात पेंढा मळला. साहेब हेडमास्तरांकडे चहा घेत होते, तोवर आमच्या गुरुजींनी खाडीच्या अंगाला तांब्याने पाणी ओतून पाहिलं. पोस्टमास्तरांच्या मुलाने फळी शेताच्या अंगाला टांगलेली. त्याचं शेत पहिल्याच तांब्यात बुडालं. बाकीच्यांचीही तीच गत. माझं तेवढं कोरडं राहिलं.

गुरुजींनी माझी परात उचलली आणि पोस्टमास्तरांच्या मुलापुढे ठेवली.

"तू हुशार आहेस," ते मला हळूच म्हणाले. "पण मुलीच्या जातीला मुंबईला कोण पाठवणार? संधी फुकट जाईल. साहेब प्रश्न विचारतील, तेव्हा याला नीट समजावून दे."

गुरुजींनी हुशार म्हटलं आणि मी पाघळले. आजही त्या मुलीच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. मधल्या सुट्टीत चिंचेखाली बसून मी त्याच्याकडून सगळं घोकून घेतलं. फळी कुठल्या अंगाला, का, काथ्याच का. चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

साहेबांनी विचारलं, "ही कुणी केली?" तो उभा राहिला आणि घडाघडा बोलला. मी टाळ्या वाजवल्या.

घरी वडिलांना सांगितलं. ते पायाचा चिखल खरवडत होते.

"सायबानं इचारलं, तवा तुझी वाचा गेली व्हती काय?"

ते त्यावर पुन्हा कधी बोलले नाहीत, आणि मला उघाडीवरही कधी नेलं नाही. आठवड्याने पोस्टमास्तरांचा मुलगा मांडव्याहून लाँचने मुंबईला गेला. दोन वर्षांनी माझं लग्न झालं, गावातच.

पुढे खारबांध दुरुस्तीला निघाला, तेव्हा साहेब म्हणून तोच आला. वडील तोवर गेले होते. मी बांधावर मातीच्या पाट्या टाकत होते. त्याने मला ओळखलं नाही, किंवा तसं दाखवलं. मजुरांना तो सांगत होता, "फळी खाडीच्या अंगाला टांगा. भरती दाबते, ओहोटी उघडते."

शब्द माझेच होते. एकही चुकला नाही.