आमच्या गल्लीत हलवा चालत नाही

पौष लागला की काकू पहाटे दार हातभर उघडायच्या आणि पालथा हात बाहेर धरायच्या. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात, तसा. संगमावरून आलेलं धुकं गल्लीत भरलेलं असायचं. हात आत घेऊन त्या गालाला लावायच्या आणि मगच बोलायच्या, "आज येनार काटा." नाहीतर, "आज न्हाई. ढग हाय."

काटा म्हणजे हलव्याचा. संक्रांतीचा हलवा तुम्ही-आम्ही दुकानातून पुडीत बांधून आणतो. तो करायचा म्हणजे तीळ परातीत घेऊन मंद निखाऱ्यावर ठेवायचे, साखरेचा पाक चमचा-चमचा सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. दिवसचे दिवस. थंडी कोरडी असली तर दाण्यावर पांढरे काटे उभे राहतात. ढग आले की दाणा गुळगुळीत राहतो, नाहीतर सगळाच चिकटून गोळा होतो. त्यामुळे सगळं कराड थंडीनं कुरकुरत असायचं, आणि काकू थंडी कमी होईल म्हणून जीव मुठीत धरून बसलेल्या असायच्या.

गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांत त्या एकट्या राहायच्या. माहेर कडेगावचं. नवरा पलटणीत होता, तो लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. पेन्शनीवर त्यांचं भागायचं, पण पौषात त्यांच्याकडं जी वर्दळ असायची ती पेन्शनीमुळं नव्हे. नव्या सुनेचे हलव्याचे दागिने, लेकरांच्या बोरन्हाणाचे हार-मुकुट, सगळं त्यांच्या हातचं. वर्षभर ज्या दारात कुणी उभं राहत नसे, तिथं त्या महिन्यात चपला मावत नसत.

पाकानं त्यांच्या बोटांची टोकं इतकी घासली गेली होती की हयातीच्या दाखल्याला बँकेत मशीन ठसा घ्यायचं नाही. मी कारखान्यात कारकून. एक दिवस सुट्टी टाकून त्यांना स्कूटरवरून न्यायचो. क्लार्क म्हणायचा, "आजी, परत दाबा." आजी दाबायच्या. मशीन नाही म्हणायचं. शेवटी त्या चिडायच्या. "म्या हितं जित्ती हुबी हाय, आन् तुमी बोटाला काय इचारताय?" सगळी रांग हसायची. मग डोळ्याचं मशीन यायचं, आणि काकू जिवंत ठरायच्या. परतताना स्कूटरवर मागून विचारायच्या, "डोळं बी घासलं तर रं?"

त्यांना काळजी करायला कारण लागायचं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. पण त्या काळजीतून त्यांनी एक विद्या काढली होती. कुठल्याही सणाची रीत त्यांना विचारा, ती कशी सुरू झाली ते त्या सांगायच्या. आणि प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी एक बाई असायची. "कुनीतरी बाई भ्यालेली असती बघ," त्या म्हणायच्या. "त्याबिगर रीत पडत न्हाई."

भोगीला सगळ्या भाज्या एकत्र का? तर एका बाईकडं घेवडा मूठभर, गाजर एक, वांगी दोन. एकही भाजी घरादाराला पुरणारी नव्हती. सासू ओरडेल म्हणून तिनं भीत भीत सगळ्या एकाच भांड्यात घातल्या, वर तीळकूट टाकलं आणि म्हणाली, आज असंच करायचं असतं. संक्रांतीला काळी साडी का? तर एकीकडं धड लुगडं एकच होतं आणि ते काळं होतं. तिळगूळ? "जावा-जावांची लय भांडनं. मधलीनं गूळ असा चिकट केला की दातात बसला पायजे. त्वांडच उघडंना, भांडत्यात कशा?"

"काकू, हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकं काय भ्यालेल्या बाया लिवत्यात व्हय?"

बोरन्हाणाची गोष्ट मला सगळ्यांत आवडायची. एका बाईला एकच मूल होतं, आणि त्याच्याशी कुणी खेळायला येत नसे. ते एकटंच वाढणार या भीतीनं तिनं एक दिवस त्याला अंगणात बसवलं आणि डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, हलवा ओतला. गल्लीतली सगळी पोरं वेचायला धावत आली. "आली का न्हाई मग पोरं?" एवढं म्हणून काकू परातीत बघत बोटं फिरवायच्या.

आता मला जे सांगायचं आहे त्याकडं येतो. बरेच दिवस टाळत होतो. काकूंचा हलवा बंद पडला, त्याला मी कारण आहे.

माझ्या पुतणीचं, मनूचं, बोरन्हाण होतं. दीड वर्षाची असेल. काळं झबलं, अंगावर काकूंच्या हातचा हलव्याचा मुकुट, हार, बाजूबंद. काकू नेहमीप्रमाणे आत न येता उंबऱ्याशी उभ्या होत्या. "वरनं पडू द्या. तोंडात काय घालू नगासा रं," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. वहिनी हसून म्हणाली, "काकूंना सणातही घोरच." आम्ही सगळेच हसलो.

डोक्यावर बोरं पडली तशी मनू रडायला लागली. मी जवळच बसलो होतो. माझ्या खिशात खाऱ्या दाण्यांची पुडी होती. कुणाचं लक्ष नव्हतं. पोरं ओरडत वेचत होती. उगी उगी करत मी तिच्या तोंडात एक दाणा घातला. ती गप्प झाली. मला बरं वाटलं. मग पुन्हा एक ओंजळ तिच्या डोक्यावरून ओतली गेली, ती दचकली, हुंदका आत ओढला, आणि तिला ठसका लागला तो थांबेचना.

चेहरा निळसर पडला तेव्हा भाऊ तिला उचलून पळाला. मी स्कूटर काढली. मोठ्या दवाखान्यात तिला आत घेतलं, दुर्बिणीतून बघावं लागेल म्हणाले. बाहेर बाकड्यावर वहिनी एकच वाक्य बोलत होती, "हलवा गिळला तिनं. मी बघितलं, हलव्याचा हार चोखत होती." मी तिच्या शेजारी बसलो होतो. माझा हात खिशात पुडीवर होता.

डॉक्टरांनी बोलावलं तेव्हा भाऊ वहिनीला सावरत होता, म्हणून मी आत गेलो. "शेंगदाणा होता," ते म्हणाले. "आता धोका नाही. पण या वयात दाणे देऊ नका कुणी."

मी बाहेर आलो. सगळे उभे राहिले.

"निघालं," मी म्हणालो.

एवढंच. खोटं बोललो नाही, असं मी स्वतःला किती वर्षं सांगत आलो! काय निघालं ते मी सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना ते आधीच ठाऊक होतं. भाऊ माझ्या गळ्यात पडून रडला. त्या क्षणी सांगायला हवं होतं. पण ज्या माणसाची पोरगी मी मारत होतो, तोच मला धरून रडत होता. मी भ्यालो.

कुणी काकूंना तोंडावर बोललं नाही. आपल्याकडं बोलत नाहीतच. पुढच्या पौषात दाराशी चपला कमी झाल्या, एवढंच. एका घरानं सुनेचे दागिने सांगितलेले, ते ऐनवेळी नको म्हणून कळवलं. मोत्यांचे आणले म्हणाले. वहिनीनं तर हलवा घरात आणायचाच बंद केला, आणि गल्लीतल्या आया आपापल्या लेकरांकडं बघून तेच करू लागल्या.

एका संध्याकाळी मी दाखल्याचा कागद द्यायला काकूंकडं गेलो. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, तोंड मिटलेलं, नजर समोर. मी हाक मारली तर बोटानं थांब म्हणाल्या. मग जरा वेळानं बोलल्या.

"जिभंवर धरला हुता दाना. इरघळतो का बघत हुते."

मी दाखल्याचा कागद पुढं केला.

"इरघळतो रं. न्हेमी इरघळतो. तीळ ऱ्हातोय नुसता, त्यो बी एवढुसा. मग त्या लेकराच्या घशात कसा न्हाई इरघळला?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "माज्या पाकात कायतरी चुकलं असंल का? खरं सांग. तू आत गेला हुतास."

तुम्हाला वाटेल, इथं तरी. मलाही वाटलं होतं. शेवटी मी म्हणालो, "झालं गेलं, काकू. पोर बरी आहे ना?"

"व्हय. पोर बरी हाय," त्या म्हणाल्या आणि परातीतला आणखी एक दाणा उचलून त्यांनी जिभेवर ठेवला.

त्या पौषानंतर पहाटे त्यांचं दार उघडेनासं झालं. थंडी कडक पडली की मला झोप लागायची नाही. हलव्याला चांगली हवा आहे, हे फक्त मला आणि त्यांना ठाऊक असायचं. मनू खोकली तरी मी तिच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहायचो. वहिनी म्हणायची, "भावजींचा किती जीव आहे पोरीवर!" पुढं काकूंचा भाचा आला आणि त्यांना कडेगावला घेऊन गेला. सामान टेंपोत मावलं. जाताना त्यांनी मनूच्या तोंडावरून हात फिरवला, आणि तो हात लगेच मागं घेतला. पोळल्यासारखा.

आता या वर्षीचं सांगतो. समोरच्या घरात नातवाचं बोरन्हाण होतं. सून सांगलीची. तिनं बोरं, करवे, चुरमुरे मांडले आणि विचारलं, "हलवा कुठाय?"

"आमच्या गल्लीत हलवा चालत नाही," वहिनी म्हणाली.

"का?"

"पूर्वीपासूनच नाही."

कोपऱ्यातले एक पेन्शनर गृहस्थ पुढं सरसावले. "शास्त्र आहे त्यात. थंडीत बालकाला साखर बाधते. आपले पूर्वज काही वेडे नव्हते." सुनेनं मान डोलावली. आता ती हे तिच्या माहेरी सांगणार, तिची मुलगी तिच्या सासरी. शाळेत जाणारी मनू चुरमुरे खात उभी होती. तीही ऐटीत म्हणाली, "मी गिळला होता ना लहानपणी!"

रीत पडताना मी डोळ्यांनी बघत होतो. कुनीतरी बाई भ्यालेली असती, काकू म्हणायच्या. इथं बाई नव्हती. मी होतो.

"शेंगदाणा होता," मी म्हणालो. कुणाला ऐकू गेलं नाही. मी मोठ्यानं म्हणालो, "मनूच्या घशात शेंगदाणा होता. मी घातला होता तोंडात. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं."

वहिनी आधी हसली. मग म्हणाली, "काहीतरीच काय, भावजी! हलवाच होता. मी बघितला ना." पेन्शनर म्हणाले, "असो, असो. सणासुदीला कशाला?" कुणीतरी चुरमुऱ्यांची पाटी पुढं केली. भाऊ मात्र माझ्याकडं बघत राहिला, आणि मनूला हाताला धरून घरी निघून गेला. आम्ही एकाच घरात राहतो. तो अजून माझ्याशी बोललेला नाही.

दुसऱ्या दिवशी किंक्रांत. त्या दिवशी कुणी चांगल्या कामाला बाहेर पडत नाही. मी पहिल्या गाडीनं कडेगावला गेलो.

भाच्याचं घर उसाच्या कडेला. अंगणात म्हशीपुढं पेंड भिजवून ठेवली होती, ती काकूंच्या परातीत. तांब्याची ती परात मी कुठंही ओळखली असती. काकू पडवीत शाल घेऊन बसल्या होत्या. वाळल्या होत्या. मला ओळखून म्हणाल्या, "आलास व्हय? पोर बरी हाय न्हवं?"

उभ्या उभ्या मी सगळं सांगितलं. पुडी, दाणा, डॉक्टर, "निघालं". त्या ऐकत होत्या. म्हैस परातीत तोंड घालून खात होती, तिचाच आवाज.

"म्या इचारलं हुतं तुला," काकू म्हणाल्या. "दाना जिभंवर धरून."

"हो."

"तवा का न्हाई बोललास?"

"भ्यालो, काकू."

त्या बराच वेळ शालीची दशी ओढत राहिल्या. "गल्लीत सांगितलंस?"

"काल सांगितलं. कुणी ऐकत नाही."

"न्हाईत ऐकायचं. रीत झाली आता ती." त्या हसल्यासारखं झालं, पण हसल्या नाहीत.

मी खिशातून तिळगूळ काढला. तो आणताना वाटभर मला लाज वाटत होती, पण रिकाम्या हातानं यायचीही भीती वाटली होती. "घ्या, काकू."

त्यांनी हात पुढं केला. "घ्येते. गोड बोलायचं तेवढं आज माज्यानं हुनार न्हाई बघ."

तिळगुळाची मूठ मिटून त्या भिंतीला धरत उठल्या. मी आधाराला पुढं झालो, तर नको म्हणाल्या. पडवीच्या कडेला जाऊन त्यांनी दुसरा हात पालथा करून बाहेर उन्हात धरला. उसावर अजून दव होतं, आभाळ धुतल्यासारखं कोरडं निळं. हात आत घेऊन त्यांनी गालाला लावला.

"आज आला असता," त्या म्हणाल्या.