डावीकडे वळणारा पूल

हॉस्पिटलातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी गावात त्यांना एक्सरेबाईच म्हणत. पस्तीस वर्षं त्यांनी तळघरातल्या अंधाऱ्या खोलीत लोकांची हाडं धुऊन वाळत घातली होती. खोलीतला लाल दिवा गेला तरी त्यांचं काही अडत नसे. फिल्म कुठे, क्लिपा कुठे, कुठल्या टाकीत किती मिनिटं, सगळं बोटांना पाठ. बोलणं मात्र तुटक. "श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा," एवढंच बोलण्यात आपलं निम्मं आयुष्य गेलं, असं त्या स्वतःच म्हणत. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची हिंमत वरच्या मजल्यावरच्या वकिलीणबाईंनी एकदा केली होती. दुसऱ्यांदा नाही केली.

पण बाईंना खरं ओळखायचं तर संध्याकाळी साडेपाचला रस्त्यावर उभं राहावं लागे. जुनी निळी स्कूटर, हँडलवर बाई आणि मागच्या सीटवर त्यांचा धाकटा भाऊ. त्याचे डोळे उघडे असत, पण त्यांना दिसत काही नसे. छप्पन्न वर्षांचा, टक्कल पडलेला हा गृहस्थ एका मोठ्या कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होता. दोनशे जणांचे नंबर त्याला तोंडपाठ, साहेब लोक त्याला वचकून असत, आणि बाई त्याला चारचौघांत "बाळ्या" म्हणून हाक मारत.

बाळ्याची नजर एकोणिसाव्या वर्षी गेली. दोन्ही डोळ्यांचे पडदे एकामागून एक सुटले आणि डॉक्टरांनी हात टेकले. त्यानंतर वर्षभर तो खोलीबाहेर आला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राही. आई दाराशी ताट ठेवी आणि तोंड दाबून रडे. वडील घरात चपला हातात घेऊन चालत, आवाज नको म्हणून. सगळं घर पोराच्या दुःखाला घाबरून होतं. बाई तेव्हा पंचविशीच्या. कामावर जायला त्यांनी नुकतीच स्कूटर घेतली होती. एका संध्याकाळी त्यांनी दारातून हाक दिली, "बाळ्या, स्कूटर बंद पडलीय. ढकलायला ये. डोळे गेलेत, हात आहेत ना?"

त्या घरात 'डोळे' हा शब्द कुणी वर्षभर उच्चारला नव्हता. पण तो उठला. रागाने लालबुंद होऊन उठला, भिंतीला धरत बाहेर आला आणि स्कूटर ढकलू लागला. शंभर पावलांवर स्कूटर सुरू झाली. होणारच होती, बाईंनी तोवर चावीच फिरवली नव्हती. "आता बस मागे, सोडते घरी," त्या म्हणाल्या आणि घराच्या उलट दिशेला, नदीच्या पुलाकडे निघाल्या. पुलावर वारा लागला तेव्हा वर्षभर गप्प असलेला तो मुलगा मोठ्याने ओरडला. शब्द असा काही नव्हता, नुसताच ओरडला. बाईंनी स्कूटर थांबवली नाही.

त्या दिवसापासून छत्तीस वर्षं हा नेम चालला. हवा कशीही असो. किंबहुना हवा जितकी वाईट, तितका बाळ्या खूश. कडक उन्हाळ्यात दगडी इमारतींवरून जाताना तो गाल पुढे करी आणि सांगे, "ही बँक. दुपारचं ऊन अजून धरून बसलीय." थंडीत तो दोन्ही हात बाईंच्या स्वेटरच्या खिशात कोंबी आणि मागून "नाक आहे का गं माझं?" असं विचारी. पावसात रेनकोट घाले, पण टोपी चढवून घेत नसे. "टोपी घातली की मी आंधळा होतो," म्हणे. वकिलीणबाई गॅलरीतून ओरडत, "अहो, निमोनिया होईल त्यांना!" एकदाही झाला नाही. निमोनिया झाला तो वकिलीणबाईंना, खिडक्या लावून बसलेल्या घरात. आणि त्यांचा एक्सरे काढताना बाईंनी चकार शब्द काढला नाही, हा त्यांचा मोठेपणा.

धुकं पडलं की मग तर बाळ्याची मजाच. "आज सगळी दुनिया माझ्या रांगेत आली," म्हणे. चार हातांवरचं दिसत नसे. बाई जीव मुठीत धरून चालवत आणि तो मागून सांगत राही, "उजवीकडे सायकल. पुढे ट्रक उभा आहे, इंजिन चालू आहे. हं, आता जा." छत्तीस वर्षांत त्याचा अंदाज एकदाही चुकला नाही. पुलाच्या मधोमध त्या थांबत. मग सांगायची पाळी बाईंची. तो फक्त म्हणे, "सांग." आणि बाई, ज्यांच्या तोंडून इतरांना दोन शब्द मिळायची मारामार, त्या नदी कशी आहे, आकाश कसं आहे, कुठला पक्षी कुठे बसलाय, हे सगळं इत्थंभूत सांगत.

मग अपघात झाला. आणि कधी झाला? ना धुक्यात, ना पावसात. स्वच्छ, कोरड्या, बिनवाऱ्याच्या संध्याकाळी. मागून आलेला एक टेंपो हँडलला घासून गेला आणि दोघं रस्त्यावर. बाळ्याचं कोपर सोलवटलं, बाईंच्या गुडघ्याला मुका मार बसला, बस इतकंच. तो बसल्या जागी हसला. "तुझ्या हातून पडायचं राहिलं होतं, तेही झालं." बाई हसल्या नाहीत. रस्त्यावर बसून आंधळेपणाने आपला चष्मा चाचपणाऱ्या भावाकडे त्या बघत होत्या. त्याला चष्म्याची गरज नव्हती. धुळीपासून जपायला घालायचा. तो हात त्यांच्या डोळ्यांपुढून जाईना.

आठ दिवसांनी त्या पुन्हा निघाल्या. मोठा रस्ता जिथे लागतो, त्या कोपऱ्यावर मागून हॉर्न वाजला आणि बाईंचे हात लाकडासारखे झाले. पुढे जाणं शक्यच नव्हतं. डाव्या हाताला बंद पडलेल्या काच कारखान्याचं मोडकं फाटक सताड उघडं होतं. त्या सरळ आत शिरल्या. आत मैदानाएवढं सिमेंटचं आवार, चिटपाखरू नाही, फक्त वारा. बाईंनी एक फेरी मारली आणि खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून बाळ्या म्हणाला, "पूल आला वाटतं."

बाई म्हणाल्या, "हो. आला."

खोटं एकदा तोंडातून गेलं की त्याला रोज खायला घालावं लागतं. बाई रोज साडेपाचला निघत, कोपऱ्यावर वळत आणि आवारात घिरट्या घालत. मध्ये थांबत. तो म्हणे, "सांग." आणि बाई गंजलेल्या पत्र्याच्या शेडकडे बघत सांगत, नदी दुथडी भरली आहे, पांढरे बगळे आले आहेत, एक होडी चालली आहे. आयुष्यात त्यांनी कुणाच्या हाडाला भेग नसताना भेग आहे म्हटलं नव्हतं, आणि आता रोज सख्ख्या भावाला, ज्याला पडताळून बघता येत नाही अशा माणसाला, त्या होड्या दाखवत होत्या. रात्री उशीत तोंड खुपसून त्या स्वतःला नाही नाही ते बोलत. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर हात पुन्हा लाकूड होत.

या सगळ्याला साक्षीदार एकच, कारखान्याचा म्हातारा पहारेकरी. त्याला सगळे सुभेदार म्हणत, फौजेचं तोंडही न पाहिलेला माणूस. पहिल्याच दिवशी बाईंनी ओठांवर बोट ठेवून त्याला खूण केली होती. काय समजायचं ते तो समजला. तेव्हापासून स्कूटर आली की तो खुर्चीवर मान खाली घालून बसे आणि खोकला आला तर तोंडावर टोपी धरी.

सहा महिने असे गेले. उन्हाळा गेला, पाऊस गेला, हवेत गारवा आला. बाळ्या पूर्वीसारखाच मागे बसे, पूर्वीसारखाच गाल पुढे करी. फक्त बँकेच्या भिंतीबद्दल तो आता काही बोलत नसे. बाईंच्या ते लक्षात आलं नाही. खोटं सांभाळणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं गप्प राहणं ऐकू येत नाही.

मग एका संध्याकाळी, आभाळ भरून आलेलं आणि वारा सुटलेला असताना, सुभेदार खुर्चीवरून उठला आणि स्कूटरला आडवा आला. बाईंनी कितीही खुणा केल्या तरी तो हलेना. बिचाऱ्याचाही नाइलाज होता.

"बाई, माफ करा," तो म्हणाला. "उद्यापासून इथे येऊ नका. सकाळी मशिनं येणार आहेत, सगळं आवार खोदणार. खड्ड्यात जाल दोघं. न सांगून कसं चालेल?"

बाईंना वाटलं, जमीन दुभंगावी आणि स्कूटरसकट पोटात घ्यावं. मागे वळून बघायची त्यांची छाती होईना.

"बरं झालं सांगितलंत, सुभेदार," मागून बाळ्या शांतपणे म्हणाला. "खोकला कसा आहे तुमचा? टोपीत खोकू नका, घसा आणखी धरतो."

सुभेदाराचा आ वासलेला राहिला. मग तो हळूच मागे सरकला आणि खुर्ची उचलून शेडच्या आड निघून गेला.

बाईंनी इंजिन बंद केलं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. ताई, पुलाला सांधे असतात. चाक गेलं की धडधड होतं. इथे कुठे होतं? आणि सहा महिने आपण डावीकडेच वळतोय. एवढा डावीकडे वळणारा पूल जगात कुणी बांधलाय का?"

"मग तूच का म्हणालास, पूल आला वाटतं म्हणून?"

"माझा हात तुझ्या खांद्यावर होता. कापत होतीस तू. मला वाटलं, आता ही खरं सांगेल, हिला रडू फुटेल, आणि घरी गेलो की स्कूटरवर चादर पडेल ती कायमची. त्यापेक्षा पूल आलेला बरा."

"मी खोटं बोलत राहिले रे तुझ्याशी."

"तू पहिल्यापासून खोटारडी आहेस," तो म्हणाला. "मी स्कूटर ढकलत होतो तेव्हा तू चावी फिरवल्याचा आवाज आला होता मला. छत्तीस वर्षं बोललो का काही?"

बाईंना रडू आलं. एक्सरेबाईंना रडताना त्या गावात कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि त्या दिवशीही पाहिलं नाही. बाळ्याने हात पुढे करून त्यांच्या पाठीवर थोपटलं, जरा जोरातच.

"पण मी होड्यांना कंटाळलोय, ताई," तो म्हणाला. "मला खऱ्या पुलावर ने."

"नाही जमणार. मागून काही आलं की माझे हात जातात. आरशात बघवत नाही मला."

"मग नको बघूस. आरसा फिरवून ठेव. मागचं माझ्याकडे, पुढचं तुझ्याकडे. धुक्यात नाही का जायचो?"

बाईंनी आरसा फिरवला. त्यात आता फक्त आभाळ दिसत होतं. तीन किकांनंतर स्कूटर सुरू झाली. फाटकातून बाहेर पडून त्या कोपऱ्यावर आल्या. हात पुन्हा जड झाले, पण कानाशी बाळ्याचा आवाज सुरू झाला होता, कचेरीत टेलिफोनवर असतो तसा, सावकाश, कुठल्याही साहेबाला न जुमानणारा.

"मागे मोकळं आहे. वळ. हं. एक मोटरसायकल येतेय, ती जाईल उजवीकडून. गेली. आता बस आहे, लांब आहे. तू तुझ्या चालीने चल. जवळ आली. थोडी डावीकडे हो. श्वास घे."

बाईंनी श्वास घेतला.

"धरून ठेव."

बस बाजूने गेली, तिचा गरम वारा दोघांच्या अंगावरून गेला.

"सोड," तो म्हणाला.

बँक मागे पडली. तिची भिंत थंड होती, हेही त्याने सांगितलं. मग चाकाखाली पहिला सांधा वाजला, मग दुसरा, मग तिसरा, आणि वारा खालून अंगात शिरला. बाई मधोमध कठड्याशी थांबल्या. हँडल सोडताना बोटं एकेक करून सोडवावी लागली.

"सांग," बाळ्या म्हणाला.

बाईंनी खाली पाहिलं. बगळे नव्हते. होडी नव्हती. काहीतरी जोडून सांगावं असं क्षणभर त्यांच्या मनात आलं, सहा महिन्यांची सवय होती. त्यांनी ती गिळली.

"पाणी फार नाही," त्या म्हणाल्या. "गढूळ आहे. मधल्या खांबाला एक टायर अडकलाय."

त्याचा विरस झाला असणार, असं त्यांना वाटलं.

"कसला टायर?"

"स्कूटरचाच दिसतोय."

"नीट बघ, चांगला असला तर. आपली स्टेपनी पार झिजलीय."

बाई हसल्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. पावसाचे दोन-चार थेंब पडले, तसं बाळ्याने वाऱ्याने डोक्यावर आलेली रेनकोटची टोपी मागे ढकलली, सीटवर सावरून बसला आणि बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा कापत नव्हता.

"मागे मोकळं आहे," तो म्हणाला. "चल."