राबचा पहिला गायक

जयवंत भावजींना मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या लग्नात. म्हशाजवळच्या आमच्या गावी वऱ्हाड आलं, त्यात नवऱ्या मुलाचा हा धाकटा भाऊ खांद्यापर्यंत केस वाढवलेला, हातात इलेक्ट्रिक गिटार. त्याने गिटारचा आवाज वाढवणारी पेटी मांडवातल्या बोर्डाला जोडली आणि सगळ्या मांडवाची लाइट गेली. ऐन दुपार, वैशाखाचा उकाडा. माझे काका तावातावाने धावले. भावजी शांतपणे म्हणाले, "पंखं बंद झालं तर आमी वारा घालू काका. गाना बंद झाला तर कोन काय घालनार?"

लाइट आली नाही. मग त्यांनी पेटीशिवायच गाणं म्हटलं. लग्नाचं नव्हतं ते. फाट्यावर एक माणूस सकाळपासून उभा आहे आणि एस्टी येत नाही, असं होतं. "येनार म्हन्तात, येत नाय, मी पन इथून हलत नाय," अशी ओळ होती आणि ती ते जवळजवळ ओरडून म्हणत. आमच्याकडच्या म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. मुंडावळ्या सावरत मीही चोरून बघितलं. डोळे मिटून, गळ्याच्या शिरा ताणून कुणी एस्टीवर गाणं म्हणतं, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

ते तेव्हा कल्याणला कॉलेजात होते. नितीन नावाचा गिटारवाला आणि आणखी दोघं मित्र मिळून त्यांनी बँड काढला होता. नाव भावजींनीच दिलेलं, राब. पावसाआधी आमच्याकडे पालापाचोळा पसरून भाताच्या रोपांची जमीन भाजतात, तो राब. शहरातल्या मुलांना अर्थ कळला नाही, पण नाव ऐकायला दणकट वाटलं. या बँडची एक कॅसेट निघाली होती. गाणी सगळी भावजींची, भाषा आमची. म्हशाच्या जत्रेत विकलेला बैल मागे वळून बघतो, त्याचं एक होतं. पगाराच्या दिवशी घरी न येणाऱ्या बापाचं एक होतं. ती कॅसेट कुणी घेतली नाही. कल्याणच्या मुलांना ती गावठी वाटली आणि किन्हवलीत, आमच्या सासरच्या गावी, लोक म्हणाले, यावर नाचता येत नाही. उरलेल्या कॅसेटींचे खोके आमच्या घरी माळ्यावर आले.

आज तो बँड खूप लोकांना माहीत आहे, म्हणून त्याचं आताचं नाव मी इथे घेत नाही. ते नाव त्यांनी पुढे घेतलं, भावजी गेल्यावर. गेल्यावर म्हणजे किन्हवलीला परत आल्यावर.

माझी स्वाती रांगत होती तेव्हा हे, माझे यजमान, हायवेवर टेम्पोच्या अपघातात वारले. भावजी कल्याणहून आले ते एका पिशवीनिशी. सासरे त्या धक्क्याने अंथरुणाला खिळले. घरची भाताची गिरणी होती, ती हे बघायचे. सुगी तोंडावर होती आणि लोक भाताच्या गोणी घेऊन दारात उभे राहायला लागले. दिवसकार्य झाल्यावर दुसऱ्याच सकाळी भावजींनी गिरणी चालू केली. केस त्याआधीच, भावाच्या दहाव्याला गेले होते.

दिवाळीनंतर नितीन आणि ते दोघं व्हॅन घेऊन त्यांना न्यायला आले. ओटीवर बसले. सासूबाईंनी चहा दिला आणि त्या तिथेच, दाराला टेकून उभ्या राहिल्या.

नितीन म्हणाला, "जया, दोन महिने थांबलो आम्ही. आता शो घेतलेत."

"गिरणीचा पट्टा चालू हाय," भावजी म्हणाले. "चालू पट्ट्यात हात नाय घालता येत."

"म्हणजे कधी येणार?"

भावजींनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी कपबश्या उचलल्या आणि आत गेल्या. व्हॅन गेली तशी भावजी गिरणीत गेले आणि पान्ह्याने पत्र्यावर घण घातल्यासारखा आवाज यायला लागला. बराच वेळ. सासूबाईंनी अंगणातून विचारलं, "काय तुटलं रे?" आतून उत्तर आलं, "काय नाय. बसवतोय." गिरणीच्या पत्र्याला ते पोचे नंतर कायम राहिले.

वर्षश्राद्धाला सासूबाईंचे भाऊ आले होते. त्यांनी बैठकीत विषय काढला की पोरगी तरणी आहे, दीर बिनलग्नाचा आहे, पाट लावून टाका, घरातल्या घरात सोय होईल. मी दाराआड होते. नाही म्हणायची माझी सोय नव्हती, आणि भावजींचीही नव्हती असं मला वाटलं.

भावजी म्हणाले, "वहिनीला शिकायचंय. मास्तरीन व्हायचंय तिला. मुरबाडला डी.एड.ला जानार हाय ती."

मला मास्तरीण व्हायचंय हे मी त्या क्षणी पहिल्यांदा ऐकलं. बारावीचे मार्क बरे होते, एवढंच. मागीलदारी त्यांना गाठून मी विचारलं, "भावजी, मी असं कधी म्हटलं होतं?"

"मंग आता म्हना," ते म्हणाले. "लवकर म्हना, मामा सकाली जानार हाय."

मी म्हटलं. आत जाऊन, सगळ्यांसमोर. नंतर मी किन्हवलीहून एस्टीने मुरबाडला जायची तेव्हा स्वाती त्यांच्याकडे गिरणीत असायची, डोक्यापासून पायापर्यंत कोंड्याने माखलेली. त्यांनी स्वतः लग्न केलं नाही. स्थळं येत. ते म्हणत, "मला इथं बसवत नाय, आनी तिला आनून बसवू?" त्यांना इथे बसवत नाही, हे ते कुणापासून लपवत नसत. संध्याकाळी फाट्यापर्यंत चालत जायचे, शहापूरची एस्टी वळून जाईपर्यंत बघायचे आणि परत यायचे. मुरबाडहून उतरताना मला ते कितीदा तरी तिथे दिसले. माझी पिशवी घेत आणि चालायला लागत.

त्या सुमारास बँड टीव्हीवर दिसायला लागला. नवा गायक, हिंदी गाणी. शेजारच्या पोरांना ती पाठ होती. भावजी समोर बसून पूर्ण गाणं ऐकत आणि खरं ते सांगत, "नितीन सुधारला. ड्रमवाला अजून घाई करतो." स्वाती एकदा म्हणाली, "काका, तुमी का नाय यांच्यात?" ते म्हणाले, "मी यांच्याआधी होतो." त्यानंतर त्यांनी जेवायला नको म्हणून सांगितलं.

एका वर्षी आम्ही म्हशाच्या जत्रेला गेलो. जुन्या कॅसेटींचा ढीग घेऊन एकजण बसला होता. त्यात मला राबची कॅसेट दिसली. ती वाजवून बघायला सांगितली. बैलाचं गाणं सुरू झालं, एक कडवं झालं आणि मधेच खरखर होऊन कुणाच्या तरी घरचा सत्यनारायण लागला. कुणीतरी वरून पूजा भरून घेतली होती. मला रडू आलं. भावजी मात्र पोट धरून हसले. मग म्हणाले, "कुनीतरी घेतली होती म्हंजे."

मला मुरबाड तालुक्यातल्या एका वाडीच्या शाळेत नोकरी लागली आणि मी स्वातीला घेऊन तिकडे राहायला गेले. ते मागे राहिले, सोबत अंथरुणावरचे सासरे, सासूबाई आणि गिरणी. पुढे कितीतरी वर्षांनी नितीन परत आला. आता मोठी गाडी. म्हणाला, जुनी गाणी पुन्हा नव्याने करायची आहेत, तुझ्याच आवाजात. भावजींनी पट्ट्याचं सुरू केलं. मी सुट्टी घेऊन आले होते, मी म्हटलं, "मी बघते सगळं. तुम्ही जा." ते गेले. सासूबाई अंगणात उभ्या राहून रस्त्याकडे बघत होत्या.

तीन दिवसांनी ते आले. सगळी गाणी गायले होते. सगळ्यांनी वाखाणलं होतं. नितीन म्हणाला होता, इथेच राहा.

"मग?" मी विचारलं.

"वहिनी, त्या खोलीत शिरलो का मी इशीत होतो. भाईर आलो का चाळिशी. त्या दोगांना एका गाडीत बसवून नाय नेता येत."

पुढे म्युझिक कंपनीने ती गाणी काढलीच नाहीत. चालणार नाहीत म्हणाले. भावजी म्हणाले, "तवा पन हेच म्हनाले होते. मानसं बदलत नायत, बरं वाटलं." पण आवाज बरं वाटल्याचा नव्हता.

हे कळलं त्याच दिवशी मी धीर करून विचारलं, "तुम्ही माझ्यासाठी राहिलात का?"

ते म्हणाले, "नाय. अडकलो म्हनून राह्यलो. तुमच्यासाठी राह्यलो म्हनलं तर तुमी पन अडकाल. येवढंच माझ्या हातात होतं, तुमाला नाय अडकू द्यायचं."

पुढच्याच आवणीत, भाताची रोपं लावताना, चिखलातून ताप आला तो उतरला नाही. शहापूरहून कल्याणला हलवलं, तिथे ते गेले. लेप्टो होता असं डॉक्टर म्हणाले. सासरे त्यांच्या आधी वर्षभरच गेले होते. सुटायची वाट मोकळी झाली आणि माणूसच गेला, असं म्हणायचा मोह होतो. पण ते सुटले असते का, मला माहीत नाही.

गावाने शोकसभा ठेवली. सरपंच म्हणाले, जयवंत म्हणजे त्याग. घरासाठी त्याने नाव, पैसा, सगळं हसत सोडलं. मग मला, शाळेतली बाई म्हणून, बोलायला सांगितलं.

मी म्हटलं, "ते हसत राहिले नाहीत. त्यांना इथे राहायचं नव्हतं. रोज नव्हतं. त्यांना गाणं म्हणायचं होतं आणि ते फार चांगलं म्हणत, पण ते तुम्हाला आवडलं नाही. त्यांना इथे गुदमरायला व्हायचं आणि तरी त्याचा राग त्यांनी आमच्यापैकी कुणावर काढला नाही. माझ्यावर नाही, म्हाताऱ्यांवर नाही, पोरीवर नाही. त्याला त्याग म्हणून मोकळे होऊ नका."

लोकांना ते रुचलं नाही. सरपंचांनी घाईने दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं. घरी परतताना सासूबाई माझा हात धरून चालत होत्या. मला वाटलं, रागावल्या असतील. गिरणी मागे पडल्यावर त्या थांबल्या.

"खरं बोललीस गो," त्या म्हणाल्या. "ती पोरं गाडी घेऊन आली, तवा त्यानं माझ्याकडं बगितला. मी जा म्हनले असते तर गेला असता. तोंडात आलं होतं माझ्या. मी कपबश्या उचलल्या."