टेबलावर बसलेले बाबा

आमच्या निबंधाच्या सरांइतका दुसऱ्याचे म्हणणे चटकन पटवून घेणारा माणूस साऱ्या यवतमाळ जिल्ह्यात झाला नसेल. आणि दुसऱ्याला पटवावे कसे, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. मेथी आणायला गेलेले सर बाजारातून पिंजऱ्यासकट पोपट घेऊन परतत. "विकणाऱ्याने मुद्दा फार सुंदर मांडला हो," असे ते आपल्या पत्नीला, आमच्या बाईंना, सांगत, आणि बाई त्या दिवशी वरणावर भागवत. सत्तावन्नच्या निवडणुकीत सगळ्याच उमेदवारांची भाषणे त्यांना पटली, आणि मत कोणाला द्यावे या काळजीने त्यांना जेवण गोड लागेना. आम्हाला मात्र बजावून ठेवलेले, की सभेत टाळी वाजवलीत तर ती कोणत्या शब्दावर वाजली, ते दुसऱ्या दिवशी लिहून आणा.

आम्ही निबंध वाचायला उभे राहिलो की त्यांचा पहिला प्रश्न असे, "हे कोणाला सांगतोस?" 'वाचकांना' म्हटले की ते खिन्न होत. "वाचक नावाचा माणूस मला अजून भेटला नाही. खरा माणूस सांग." तो सांगितला की सर कोट काढत, डोक्याला टॉवेल गुंडाळत, टेबलावर उकिडवे बसत आणि तो माणूस होत. कोणाची आजी, कोणाचा तहसीलदार. सर मूळचे साताऱ्याकडचे. त्यांची वऱ्हाडी ऐकून मागचे बाक हसून लोळत.

माझा माणूस म्हणजे माझे वडील. बोरी अरबच्या पलीकडच्या आमच्या खेड्यात शाळा चौथीपर्यंतच, म्हणून मी यवतमाळला शिकत होतो. धाकटी बहीण शेवंता चौथी पास होऊन घरी बसली होती. यवतमाळच्या मुलींच्या वसतिगृहात तिला जागा मिळत होती, पण बाबा नाही म्हणत होते. मी 'स्त्रीशिक्षण आणि राष्ट्राची प्रगती' असा निबंध लिहिला. सर टेबलावर चढले.

"राष्ट्राचं राहू दे. बकऱ्या कोण चारीन?"

पुढच्या आठवड्यात बकऱ्यांची सोय सांगितली, तर म्हणाले, "शिकल्या पोरीले नवरा कुठून आणू?" हिवाळाभर मी हरत राहिलो. शेवटी वैतागून म्हणालो, "सर, तुम्ही बाबांपेक्षा हट्टी आहात."

सरांनी टॉवेल सोडला. "मग त्यांची बाजू त्यांच्यापेक्षा चांगली मांडून दाखव. तुझी त्यानंतर."

उन्हाळ्याच्या सुटीत मी घरी गेलो. बाबा अंगणात दोर वळत होते. मी समोर बसलो आणि त्यांचेच सगळे बोललो: बकऱ्या, नवरा, गावाची तोंडे. त्यांचा हात थांबला.

"बरोबर बोलून राह्यला," ते म्हणाले. "पण एक राह्यलं. ते तुले नाही समजलं. ती गेली तं मले करमणार नाही."

हे सरांनी कधी विचारले नव्हते. "मी शिकाले गेलतो तवा मलेही करमलं नाही, बाबा," एवढेच मी म्हणालो.

त्यांनी दोराला शेवटची गाठ मारली. मग म्हणाले, "पेटीत तिची गोधडी टाकजो. तिकडं थंडी लय राह्यते."

शाळा उघडली तेव्हा बाबा स्वतः पेटी खांद्यावर घेऊन आले. वसतिगृहाच्या फाटकाशी सर उभे होते. "हे आमचे सर. वर्गात तुमच्यासारखं बोलून दाखवतात," मी म्हणालो. बाबांनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले. "मी असा दिसतो?" सर लाजले. बाबा अंगणात 'मले करमणार नाही' म्हणाले होते, ते मी सांगितले, तेव्हा मात्र सर एकदम गंभीर झाले.

शेवंता मॅट्रिक झाली, त्या दिवशी बाबांनी गावभर गूळ वाटला. पुढे ती बी.ए. झाली. आज ती स्वतः शाळा चालवते.

माझ्यानंतरच्या मुलांकडून कळले, की सर टेबलावर कोणाचेही वडील झाले, तरी सगळे मुद्दे हरल्यावर शेवटी म्हणत, "पण मले करमणार नाही." सरांना मूलबाळ नव्हते. एवढे बोलून झाल्यावर डोक्याचा टॉवेल सोडायला त्यांना, म्हणे, जरा वेळच लागे.