आधी कॉपी, मग बघणं

नाहूरच्या आमच्या सोसायटीत काहीही असो, शेजारच्या वहिनी कॅमेरा घेऊन हजर. पण शूटिंग कॉम्प्युटरवर चढेपर्यंत कोणालाही दाखवणार नाहीत. "आधी कॉपी, मग बघणं. वायरीला हात लावू नका."

परवा क्रिकेटच्या फायनलला शेवटच्या बॉलवर त्यांचे मिस्टर रनआऊट झाले की नाही, यावरून हाणामारीच व्हायची बाकी होती. दोन्ही टीम वहिनींच्या हॉलमध्ये घुसल्या. मी बॉलिंगवाल्यांचा, कॉपी संपेपर्यंत मला बसवेना.

एकदाचा व्हिडिओ लागला. नेमकं तेव्हाच कोणीतरी कॅमेऱ्यासमोर आलेलं, स्टंप दिसतच नव्हते.

"बघा, नॉटआऊट," मिस्टर म्हणाले.

तेवढ्यात व्हिडिओतून वहिनींचाच आवाज आला. "गेले हे. चांगले हातभर आऊट."

मिस्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. वहिनींनी व्हिडिओ मागे घेतला आणि आवाज वाढवला.